जपान: इस्पितळातून घरी आल्यावर बोलण्याची थेरपी मिळते कुठे?

वैदेही_चिबा
नमस्कार मंडळी. इथे जपानात राहणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय.

सासऱ्यांना (वय ७८, आम्ही ओतोसान म्हणतो) स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. सध्या ते 'काइफुकुकी' म्हणजे रिहॅबच्या वॉर्डात आहेत. तिथली व्यवस्था बघून मी थक्क झाले. रोज तीन तासांपर्यंत व्यायाम, त्यात बोलण्याचा वेगळा, सुट्टीच्या दिवशीही खाडा नाही.

आता पुढच्या महिन्यात घरी पाठवणार. केअर मॅनेजर बाईंनी छान आराखडा केलाय: चालण्यासाठी घरी फिजिओ, अंघोळीसाठी डे सर्व्हिस, संडासात कठडा, भाड्याने पलंग. बोलण्यासाठी काहीच नाही. विचारलं तर बाई मान तिरकी करून म्हणाल्या, "या भागात एसटी मिळणं जरा..." आणि वाक्य तिथेच सोडलं. पुढचं आपण समजून घ्यायचं!

तर प्रश्न असे:
घरी आल्यावर स्पीच थेरपिस्ट कुठून मिळवायचा?
घरात आपण काय करावं? सासूबाईंनी (ओकासान) हंड्रेड येन शॉपमधून लहान मुलांचा हिरागानाचा (जपानी मुळाक्षरांचा) तक्ता आणलाय. "काय हवं त्या अक्षरांवर बोट ठेवा" म्हणून त्यांच्यासमोर धरतात. परवा ओतोसाननी तो भिरकावून दिला.
आणि तिसरं म्हणजे त्यांना ऐकूही कमी येतं, फार आधीपासून. मशीन लावायला कधीच तयार नव्हते.

खवचट_नाना
वाचतोय. पण तक्ता भिरकावला म्हणजे डावा हात उत्तम चालतोय, ही चांगली बातमी. ह. घ्या.

ओसाकाकर
वैदेहीताई, आमच्याकडे बायकोच्या काकांचं हेच झालं होतं. पहिली गोष्ट, डे सर्व्हिस आणि डे केअर यांत गल्लत करू नका. नावं जुळ्या भावांसारखी आहेत, कामं वेगळी. डे सर्व्हिसमध्ये अंघोळ, जेवण, गाणी, खेळ. डे केअर म्हणजे 'त्सूशो रिहाबिरी', तिथे डॉक्टर आणि थेरपिस्ट असावेच लागतात. मात्र थेरपिस्ट म्हणजे बहुतेक वेळा फिजिओ असतो. एसटी आहे का आणि आठवड्यातून कुठल्या वारी असतो, हे फोन करून खोदून विचारावं लागतं. आम्हाला तिसऱ्या फोनला सापडला.

दुसरं, घरी येणारा एसटी. होमोन रिहाबिरी (घरी येऊन दिलेला रिहॅब) किंवा होमोन कांगो स्टेशन (घरी येणाऱ्या नर्सेसचं केंद्र), दोन्हींतून मिळू शकतो. काइगो (वृद्धांच्या देखभालीच्या सरकारी) विम्यात घरच्या रिहॅबची मर्यादा साधारणपणे आठवड्याला १२० मिनिटं. फिजिओनेच ती सगळी खाल्ली तर बोलण्याला काय उरणार? म्हणून आराखडा पक्का व्हायच्या आधीच बोला.

मिहीर_निशीकासाई
एसटी म्हणजे काय रे भाऊ? मला तर लाल डबा आठवला.

वाचस्पती_बाई
@मिहीर, एसटी म्हणजे स्पीच थेरपिस्ट. जपानीत 'गेंगो-चोकाकुशी'. बोलणं, भाषा, ऐकणं आणि गिळणं हे सगळं एकाच परवान्यात. आपल्याकडच्या बीएएसएलपी पदवीसारखंच, ऑडिओलॉजी आणि स्पीच एकत्र. मी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकले आणि मुंबईत हेच काम करते. जपानात कधी काम केलेलं नाही, पण तिथल्या मैत्रिणींशी नियमित बोलणं असतं.

तिकडे हा व्यवसाय तसा नवा. कायदा १९९७ चा, पहिली राष्ट्रीय परीक्षा १९९९ ला. फिजिओंचा कायदा १९६५ चा! त्यामुळे आज तिकडे फिजिओ दोन लाखांच्या वर आणि एसटी ४०,००० च्या आसपास. त्यातही बरेचसे इस्पितळांत. केअर मॅनेजर बाई खोटं बोलत नाहीयेत.

आता तो तक्ता. ताई, कृपा करून कपाटात ठेवून द्या. वाचाघातात (अफेझियात) जीभ किंवा घसा बिघडलेला नसतो, मेंदूतली भाषाच विस्कटलेली असते. अक्षराला अक्षर जोडून शब्द बनवायचा तर आधी तो शब्द डोक्यात ध्वनींमध्ये फोडावा लागतो, आणि नेमकं तेच जमत नसतं. म्हणजे ज्या पायाला प्लास्टर आहे त्याच पायावर उभं राहायला सांगितल्यासारखं. जपानीत एक गंमत आहे. बऱ्याच रुग्णांची काना लिपी (हिरागानासारखी, ध्वनी दाखवणारी अक्षरं) जास्त बिघडते आणि कांजी (चिनी वळणाची शब्दचिन्हं) बऱ्यापैकी शाबूत राहते, कारण कांजीतून अर्थ थेट लागतो. सुमिको सासानुमा या जपानी संशोधिकेने १९७० च्या दशकापासून यावर मोठं काम केलंय. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, काहींचं उलटही असतं. तुमच्या एसटीला विचारा, त्यांनी चाचणी घेतलेली असणार.

वैदेही_चिबा
@वाचस्पती_बाई, हे कुणी सांगितलंच नव्हतं! ओतोसान रेल्वेत होते, तिकीट तपासनीस. वॉर्डातली एसटी मुलगी त्यांना स्टेशनांच्या नावांची कांजीतली कार्डं देते आणि ते ती टेबलावर लाइनच्या क्रमाने लावतात. सोबु लाइन बिनचूक. मला वाटायचं वेळ घालवायला खेळ देतेय. तेच नाव हिरागानात लिहून दिलं की नुसते बघत राहतात.

तळेगावकर
मग आपल्या देवनागरीचं काय? आपल्याकडे कुणाला असं झालं तर बाराखडी पण निरुपयोगी? आमच्या शेजारच्या काकूंना त्यांचा मुलगा रोज अ आ इ ई गिरवायला लावतो.

वाचस्पती_बाई
@तळेगावकर, गिरवून हाताला वळण लागेल. पण 'पाणी' मागण्यासाठी प ला काना शोधत बसायला लावू नका. तांब्याचा फोटो, हो-नाहीचं कार्ड, घरच्यांचे फोटो, हाताच्या खुणा यांनी काम भागतं. आपल्याला कांजीची सोय नाही, त्यामुळे चित्रांवर भिस्त ठेवावी लागते.

गुन्माची_पोर
मी इथं जपानातच गुन्मा प्रांतात वृद्धाश्रमात काम करते, स्पेसिफाइड स्किल्ड वर्करच्या व्हिसावर. मूळची गडहिंग्लजची. आमच्याकडं एसटी मॅडम आठवड्यातनं एकदा येतात आणि त्यांचा सगळा दिवस गिळण्यात जातो. म्हणजे आज्जी-आजोबांच्या गिळण्यात. कोण ठसकतंय, कुणाचा चहा किती घट्ट करायचा, कुणाला भात बंद करून पेज द्यायची. बोलण्याचा सराव घेताना मी त्यांना अजून बघितलं नाही. त्यांचीपण चूक न्हाई, इथं न्यूमोनियाची धास्तीच तशी आहे.

जेवणाआधी रोज सगळ्यांकडनं "पा-पा-पा, ता-ता-ता, का-का-का, रा-रा-रा" म्हणून घ्यायचं. पा ला ओठ, ता ला जिभेचं टोक, का ला घशाकडची बाजू, रा ला जीभ गोल. पहिल्यांदा मला हसू आवरंना. आता मीच पुढं उभी राहून म्हणून घेते. मग चहात घट्ट करायची पावडर. टाकून ढवळायची आणि दोन-तीन मिनिटं हात बांधून थांबायचं. पातळ वाटतंय म्हणून घाईनं अजून टाकली की लगदा होतो, आणि तो लगदाच घशात अडकतो. भरवताना उभं राहायचं न्हाई. आपण उभं असलो की ते वर बघतात, मान मागं जाते आणि घास श्वासनळीत. स्टुलावर बसून, डोळ्याला डोळा लावून, चमचा खालनं आणायचा.

खवचट_नाना
आमच्या हिने लग्नानंतर पहिल्यांदा केलेला चहा त्या पावडरीशिवायच तेवढा घट्ट होता.

अनघा_जो
नाना, या वयात तरी!
गुन्माची_पोर, किती छान लिहिलंस गं. वेगळा लेख लिही यावर.

क्योतोची_कावेरी
मी इस्पितळांत दुभाषी म्हणून जाते, त्यामुळे थोडं माझं मत.

जपानात गिळण्याला जे महत्त्व मिळतं ते उगाच नाही. लोकसंख्येत ६५ च्या वरचे २९ टक्के. अन्न-लाळ श्वासनळीत गेल्याने होणारा न्यूमोनिया अलीकडच्या वर्षांत मृत्यूच्या कारणांत सहाव्या क्रमांकाच्या आसपास असतो, आणि साधा न्यूमोनिया वेगळा. नवीन वर्षाला मोची (चिकट तांदळाचा गोळा) घशात अडकून आजी-आजोबा जातात म्हणून टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी सूचना काढतं. वृद्धाश्रमांत नीट दात घासून दिले की न्यूमोनिया कमी होतो, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं तेही योनेयामा या जपानी दंतवैद्यांच्या गटाचं. या बाबतीत जग त्यांच्याकडून शिकतं.

पण याची दुसरी बाजू कुणी उघड बोलत नाही. गिळणं बिघडलं तर माणूस मरतो, आश्रमावर ठपका येतो. बोलणं बिघडलं तर कुणावरच ठपका नाही. माणूस फक्त गप्प होतो, आणि गप्प म्हातारा कुणाला जड नाही. 'शांत आहेत हो आजोबा, काही त्रास नाही' हे वाक्य मी इतक्यांदा भाषांतरित केलंय की आता ते ऐकलं तरी डोकं फिरतं.

ओसाकाकर
+१००. काइगो विम्याची श्रेणी ठरवतात तीही अशीच. चौकशीला माणूस येतो, ७४ मुद्दे तपासतो आणि सगळा हिशेब याला सांभाळायला किती मिनिटं लागतील याचा. चालता येतं, जेवता येतं, कपडे घालता येतात, म्हणजे श्रेणी खालची. फोन उचलता येत नाही, चोर आला तर ओरडता येत नाही, बँकेत नाव सांगता येत नाही, याला मिनिटं कमीच पडतात. अपंगत्वाच्या दाखल्यातही बोलणं पूर्ण गेलं तरी तिसरी श्रेणी, त्याच्या वर नाही. वाचाघाताच्या रुग्णांच्या संघटना कित्येक वर्षं याबद्दल ओरडताहेत.

चौकशीच्या दिवशी घरातल्या कुणीतरी हजर राहाच, आणि काय काय जमत नाही ते आधी कागदावर लिहून द्या. जपानी म्हातारे परक्यासमोर ताठ बसून सगळं जमतंय असं दाखवतात.

सडेतोड_देशपांडे
सगळं ठीक आहे, पण आपण जपानच्या म्हाताऱ्यांची काळजी करतोय आणि इकडे तालुक्याला एक स्पीच थेरपिस्ट नाही. तिकडे रोज तास मिळतो तरी रडगाणं. आमच्या वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बोलायला लागतील हळूहळू, घरात बोलत राहा." विषय संपला. आम्ही बोलत राहिलो आणि आलं बोलणं. कुटुंब हीच खरी थेरपी.

वाचस्पती_बाई
@देशपांडे, तुमच्या वडिलांचं बोलणं परत आलं याचा आनंदच आहे. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांत आपोआप सुधारणा होते. पण ज्यांच्यात होत नाही त्यांच्या घरच्यांना मग वाटतं की आम्ही पुरेसं बोललो नाही. मी ते अपराधीपण रोज बघते. कुटुंब लागतंच, पण कसं बोलायचं हेही कुणीतरी शिकवावं लागतं. ज्या घरात चौघं एकदम बोलतात तिथला रुग्ण लवकर मिटून जातो.

तालुक्याचं म्हणाल तर शंभर टक्के मान्य.

क्योतोची_कावेरी
@देशपांडे, शिवाय जपानी घर म्हणजे आपला वाडा नव्हे. बहुतेक घरांत नवरा-बायको दोघंच किंवा एकटाच जीव. आणि त्या पिढीतल्या पुरुषांचं घरातलं बोलणं आधीच तीन शब्दांचं: जेवण, अंघोळ, झोप. बोलत राहा म्हणजे कुणाशी?

सडेतोड_देशपांडे
तीन शब्दांत संसार? पुढच्या जन्मी जपानच बरा.

मिहीर_निशीकासाई
अवांतर: तानाका काकुएई. माजी पंतप्रधान, १९८५ मध्ये स्ट्रोक आला, बोलणं गेलं. १९८६ च्या निवडणुकीत प्रचाराला उभेसुद्धा राहू शकले नाहीत, तरी निगाताच्या मतदारसंघात पहिल्या क्रमांकाने निवडून आले.

खवचट_नाना
आपल्याकडे बोलल्यामुळे पडतात. हा माणूस न बोलता निवडून आला. यात शिकण्यासारखं बरंच आहे.

तळेगावकर
नागाशिमा शिगेओ पण. जायंट्सचा तो महान बेसबॉलपटू. २००४ मध्ये स्ट्रोक, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. पण घरात लपून बसला नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ओ आणि मात्सुई या बेसबॉलपटूंसोबत ज्योत घेऊन आला, मात्सुईने धरलं होतं त्याला. २०२५ च्या जूनमध्ये गेला. त्याच्यामुळे रिहॅब हा विषय जपानी घराघरांत पोचला असं आमचे सेन्सेई सांगायचे.

वैदेही_चिबा
@तळेगावकर, ओतोसान कट्टर जायंट्सवाले! आज नागाशिमांचा तो फोटो मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघितला आणि स्पष्ट म्हणाले, "बाका." बाका म्हणजे मूर्ख. मी हबकले. सध्या एवढा एकच शब्द ते खणखणीत बोलतात. नर्सला, मला, टीव्हीला, सगळ्यांना बाका. ओकासान लाजून सगळ्यांची माफी मागत फिरतात.

वाचस्पती_बाई
हे फार दिसतं. शिव्या, देवाची नावं, आकडे, जुनी गाणी या ठरलेल्या गोष्टी आपोआप बाहेर येतात, त्या वेगळ्या वाटेने येतात. माझा एक रुग्ण फक्त "अरे देवा" म्हणायचा, पण पंधरा सुरांत. सूर ऐका, अर्थ कळतो. आणि ओकासानना सांगा, माफी मागू नका. त्यांच्या वतीने उत्तरंही देऊ नका. प्रश्न विचारला की गप्प बसून थांबायचं. हे सगळ्यात अवघड असतं, नवऱ्याला ओळखणाऱ्या बायकोला तर फारच. "काय खाणार?" याऐवजी "उदोन (जाड नूडल्स) की भात?" आणि दोन्ही शब्द कागदावर कांजीत लिहून पुढे ठेवायचे.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, तो सगळे विसरले. ऐकू कमी येतं हे वॉर्डातल्या एसटीला माहीत आहे का? भाषा समजण्याची चाचणी तोंडी असते. ऐकूच आलं नाही तर 'समजत नाही' अशी नोंद होते आणि पुढचा सगळा आराखडा चुकतो. आधी कान तपासून घ्या. साधा मळ अडकलेला असतो कधीकधी!

पोटोबा
जपानात ऐकण्याच्या मशीनचं वापरणं इतकं कमी का? आमच्या ऑफिसातले ७० चे सल्लागार काहीही विचारलं की "हाई हाई" (हो हो) म्हणतात आणि भलतंच करून आणतात.

ओसाकाकर
@पोटोबा, २०२२ च्या पाहणीत ऐकू कमी येतं म्हणणाऱ्यांपैकी मशीन असलेले जेमतेम १५ टक्के. ब्रिटनमध्ये निम्म्याच्या आसपास. एक तर लाज. दुसरं पैसे: एका कानाला लाख येन सहज, चांगलं हवं तर कितीतरी जास्त. सरकारी मदत हवी तर अपंगत्वाचा दाखला लागतो आणि त्यासाठी दोन्ही कानांना साधारण ७० डेसिबलचं नुकसान दाखवावं लागतं. ४० च्या पुढेच माणसाला गप्पा कळेनाशा होतात, म्हणजे मधले सगळे लोंबकळत. अलीकडे बऱ्याच नगरपालिका म्हाताऱ्यांना मशीनसाठी थोडी रक्कम देतात, पण आधी अर्ज, मग खरेदी, हा क्रम पाळा. वैदेहीताई, तुमच्या सिटी ऑफिसात विचाराच.

आणि टीव्हीवर जाहिरात करतात ते 'शूओनकी' घेऊ नका. ते नुसतं आवाज वाढवणारं यंत्र, 'होचोकी' म्हणजे खरं ऐकण्याचं मशीन नव्हे. काकांनी घेतलं, तर त्यात बायकोपेक्षा भांड्यांचा आवाज मोठा यायचा.

खवचट_नाना
म्हणजे यंत्र बरोबरच होतं की.

क्योतोची_कावेरी
म्हातारपणी उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे सातो आणि कातो एकच ऐकू येतं, इचिजी (एक वाजता) आणि शिचिजी (सात वाजता) पण. डॉक्टरांची वेळ चुकते आणि घरचे म्हणतात विसरभोळे झाले. ओरडून काही होत नाही. समोर येऊन, हळू, तुकड्या-तुकड्याने बोलावं लागतं.

आणखी एक सोय: बँका आणि सरकारी कचेऱ्यांच्या काउंटरवर आता हाडाऐवजी कानाच्या कूर्चेतून आवाज पोचवणारे इअरफोन ठेवतात. नारा मेडिकल युनिव्हर्सिटीचे होसोई हिरोशी यांनी २००४ मध्ये शोधलेलं तंत्र. गोल गोळी असते, भोक नाही, पुसायला सोपी. म्हाताऱ्यांना मशीनची लाज वाटते, पण बँकेत सगळेच लावतात म्हटल्यावर लावतात.

गुन्माची_पोर
आमच्याकडं एक आजोबा मशीन डब्यात ठेवत्यात आणि नातू येणार त्याच दिवशी लावत्यात. बॅटरी जपायची म्हणून.

सडेतोड_देशपांडे
कावेरीताई, वर तुम्ही गप्प म्हाताऱ्यांबद्दल लिहिलंत ते मनात राहिलं. आमच्या वडिलांचं बोलणं आलं, पण पूर्वीसारखं नाही. पूर्वी भांडायचे, आता 'बरं' म्हणतात. आम्ही तेच सुधारणा म्हणून धरलं.

अनघा_जो
वैदेही, काय झालं पुढे? आले का घरी?

वैदेही_चिबा
आले. सगळ्यांचे मनापासून आभार, मी इथलं बरंच काही जपानीत लिहून केअर मॅनेजर बाईंना नेऊन दिलं. एसटी असलेलं डे केअर सापडलं, आठवड्यातून दोनदा, ४० मिनिटं. पण त्यांची गाडी आमच्या भागापर्यंत येत नाही. ओकासान गाडी चालवत नाहीत, नवऱ्याचं ऑफिस, माझी नोकरी. टॅक्सीचं गणित बसत नाहीये.

कानांची तपासणी झाली. डावा कान बराच खराब, उजवा बरा. आता सगळे उजवीकडून बोलतो आणि ते निदान मान हलवतात. मशीनला अजून बाका.

ओसाकाकर
गाडीची हद्द डे केअरवाले ठरवतात, कायदा नव्हे. केअर मॅनेजरला त्यांच्याशी बोलायला सांगा, हद्दीबाहेर थोड्या जादा पैशांत नेतात कधीकधी. नाही जमलं तर एक वार डे केअर आणि एक वार घरी येणारा एसटी. आणि 'शित्सुगोशो तोमो-नो-काइ', म्हणजे वाचाघाताच्या लोकांचं मंडळ, शोधा. तिथे सगळेच अडखळतात, त्यामुळे कुणी घाई करत नाही. २०१८ पासून वाचाघाताच्या लोकांसोबत जाणाऱ्या मदतनीसांचं सरकारी प्रशिक्षणही सुरू आहे. बँक, दवाखाना, सभा अशा ठिकाणी सोबत येतात. तुमच्या प्रीफेक्चरच्या (प्रांताच्या) एसटी संघटनेला फोन करा, त्यांच्याकडे दोन्हींची माहिती असते.

वैदेही_चिबा
उद्याच करते. मंडळात जायला तयार होतील का, ते माहीत नाही.

तळेगावकर
मंडळात जायंट्सवाले आहेत का ते आधी विचारा. हानशिनवाला (जायंट्सचा कट्टर प्रतिस्पर्धी संघ) निघाला तर दोघांचंही बोलणं लवकर सुधारेल.

नागपुरी_संत्री
नमस्कार, मी नवीन आहे. आईला पक्षाघात झाला, नागपुरात आहोत. मेडिकलमध्ये स्पीच थेरपी आहे का? ऑनलाइन कुणी घेतं का? आई हिंदी-मराठी दोन्ही बोलायची, आता फक्त हिंदी येते. असं होतं का?

वाचस्पती_बाई
होतं. दुभाषी रुग्णांत दोन्ही भाषा एकदम आणि सारख्या परत येतीलच असं नाही. इथे जपानच्या गर्दीत हरवेल, वेगळा धागा काढा, मी येते तिकडे. आईंचं वय, स्ट्रोकला किती दिवस झाले, घरात आधी कुठली भाषा जास्त चालायची आणि ऐकू कसं येतं, एवढं लिहा.